मागच्या बाकावरचं हसू

शाळेच्या बसमधला गोंगाट भोंगाकाकांना ऐकूच यायचा नाही. इतकी वर्षं तीच बस, तोच रस्ता आणि दरवर्षी नवी पोरं. कान निबर झाले होते. दंगा फारच हाताबाहेर गेला, की मान न वळवता ते एकच आवाज टाकायचे, "ए, बूड टेका!" आणि सगळी बस चिडीचूप व्हायची. त्या आवाजामुळेच पोरांनी त्यांचं नाव भोंगाकाका ठेवलं होतं. पुढे ते त्यांच्या चर्चच्या मंडळीतही पसरलं, शेजारीपाजारीही पसरलं, आणि खुद्द बायकोसुद्धा रागात असली की "आले आमचे भोंगे" म्हणायला लागली.

त्या दुपारी मात्र त्या गोंगाटातून एक आवाज सुटा होऊन त्यांच्या कानात शिरला. मागच्या बाकावर मोठ्या वर्गातल्या काही मुली एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसल्या होत्या आणि त्या मोबाइलमधून कुणीतरी हसत होतं. आधी दाबून धरलेलं, मग नाकातून फुटलेलं, शेवटी उचकीसारखं तुटलेलं हसू. असं हसणारी एकच मुलगी त्यांना ठाऊक होती, आणि ती या शाळेत नव्हतीच. ती त्यांची स्वतःची लेक होती.

पुढच्या थांब्यावर त्यांनी बस जरा जास्तच वेळ उभी केली आणि मागे गेले.

"काय बघताय एवढं? मलाही दाखवा की."

मुलींची तोंडं उतरली. "काही नाही काका, असंच," एकीने म्हणून पाहिलं. भोंगाकाकांनी नुसता हात पुढे केला. मुलीने खाली मान घालून मोबाइल दिला.

पडद्यावर बटणआजी होत्या. भोंगाकाकांच्या घरापासून चार घरं सोडून राहणाऱ्या. आयुष्यभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले आणि दारात येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या हातावर एक रंगीत बटण ठेवलं. आता त्यांचं डोकं धड चालत नव्हतं. जेवलेलं आठवायचं नाही, माणसं आठवायची नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा पुलाच्या कामावर पडून वारला होता, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण तेही त्यांना आठवायचं नाही. त्या त्याची वाट पाहत दारात बसायच्या.

व्हिडिओत त्यांच्या लेकीचा, गोटीचा आवाज येत होता, अगदी मधाळ. "अहो आजी, तुम्ही इथे काय बसलात? तुमचा मुलगा आलाय ना! कोपऱ्यावर उभा आहे. तुम्हाला शोधतोय."

म्हातारीचा चेहरा असा काही उजळला, की भोंगाकाकांना तो मोबाइल हातात धरवेना. ती उठली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. भिंतीला धरत धरत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली. मग ते हसू आलं. आधी दाबलेलं, मग फुटलेलं.

"खूप जणांकडे आहे काका," मुलगी चाचरत म्हणाली. "आम्ही नाही काढला."

"माहीत आहे," ते म्हणाले. मोबाइल परत देऊन ते आपल्या सीटवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच रोजचं वळण चुकले. पोरं ओरडली, "काका, कुठे चाललो?" तेव्हा कुठे त्यांना भान आलं.

गोटी जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती, म्हणून गोटी. आता पंधराव्या वर्षी ती बापाच्या कानापर्यंत उंच झाली होती आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हुशार होती, गोड गळ्याची होती, रविवारी चर्चमध्ये भक्तीला गायकगणात पहिल्या ओळीत उभी राहायची. आणि लहानपणापासून खोटं इतक्या सफाईने बोलायची, की खरं सांगणाराच गोंधळून जावा. वर्गातल्या एका मुलीचं चित्र तिने फाडलं, तेव्हा भोंगाकाका त्या मुलीच्या घरी जाऊन स्वतः माफी मागून आले. शेजारच्यांच्या कुत्र्याला तिने दिवसभर गच्चीवर कोंडलं, तेव्हा "कडी आपोआप लागली असेल" असं त्यांनीच सांगितलं. दर वेळी ते तिला जवळ बसवायचे आणि म्हणायचे, "बाळा, असं करू नये हं." बाळ मान डोलवायचं.

त्याला कारण होतं. भोंगाकाकांचे वडील मंडळीतले मोठे धार्मिक गृहस्थ होते. दारामागे खिळ्याला त्यांचा कातडी पट्टा लटकायचा. काही चुकलं, की आधी पट्टा, मग गुडघे टेकून प्रार्थना, आणि प्रार्थनेत ज्याला मार बसला त्यानेच त्या माराबद्दल देवाचे आभार मानायचे. पाठ चुरचुरत असताना मानलेले ते आभार भोंगाकाकांच्या घशात अजून अडकलेले होते. म्हणून गोटीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, तिला प्रभूच्या भयात वाढवण्याचं वचन मंडळीसमोर देताना, त्यांनी मनातल्या मनात आणखी एक वचन स्वतःला देऊन टाकलं होतं: या पोरीवर हात उचलायचा नाही. ते दुसरं वचन त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळलं. पहिल्याचं काय झालं, हे त्या दिवसापर्यंत त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

घरी आले तर बायको नुकतीच दवाखान्यातून आली होती. दातांच्या डॉक्टरकडे ती पेशंटच्या वेळा लावायचं काम करायची. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण दचकली नाही. भोंगाकाकांच्या ते लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"आठवड्यापूर्वी कळलं. मी रागावले तिला. म्हटलं, काढून टाक. तिने माझ्यासमोर काढून टाकला."

"आणि मला?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही जाऊन माफी मागून आला असता, आणि सगळ्या गल्लीला कळलं असतं!" ती बूट काढता काढता थांबली. "अहो, वय आहे तिचं. सगळीच मुलं करतात. परीक्षा तोंडावर आहे."

बोलणं टोचलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं.

गोटी आली ती दप्तर फेकून थेट फ्रिजकडे गेली. भोंगाकाकांनी विचारलं, तेव्हा आधी "कुठला व्हिडिओ?" झालं, मग "तो मी नाही काढला" झालं, आणि शेवटी सगळ्या वाटा बंद झाल्यावर तिने खांदे उडवले.

"त्यांना काय कळतं पप्पा? पाच मिनिटांत विसरतात त्या. उलट तेवढा वेळ खूश तरी होत्या."

भोंगाकाकांचा हात कधी वर गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पंजा उघडलेला, खांदा मागे खेचलेला. हुबेहूब वडिलांसारखा.

गोटी मागे सरली नाही. तिने खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्यावर रोखला. "मारा ना. मारा. हाही टाकते."

तो हात खाली आणायला त्यांना फार जोर लागला. ते घराबाहेर पडले.

मग सुरू झाली ती नुसती घालमेल. ते बस धुवायचे, आणि धुऊन झाली की पुन्हा धुवायचे. जेवायला बसले की उठायचे. कोपऱ्यावरून जाताना ब्रेकवर पाय जायचा, समोर कुणी नसतानासुद्धा. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा बायबलचा वर्ग ते घ्यायचे. त्या रविवारी धडा होता त्या म्हाताऱ्या याजकाचा, ज्याची मुलं मंदिरात वाटेल तसं वागत होती आणि जो त्यांना नुसती समज देत राहिला, आवरलं मात्र नाही. कितीदा शिकवलेला धडा! त्या दिवशी अर्ध्यावरच ते थांबले. "आज एवढंच," असं म्हणून त्यांनी पोरांना खेळायला सोडलं.

चर्चचे पाळकसाहेब बाहेर भिंतीपाशी नळाची गळती बंद करत बसले होते. गोटीचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. भोंगाकाकांनी पाना धरला आणि बोलता बोलता सगळं ओकून टाकलं, वर गेलेल्या हातासकट.

"तुझ्या वडिलांना मी ओळखायचो," पाळकसाहेब नळावरून मान न उचलता म्हणाले. "तुला काय वाटतं, ते तुला सुधारायला मारायचे?"

"ते तर असंच म्हणायचे."

"राग आला म्हणून मारायचे. देवाचं नाव नंतर जोडायचे. तुला ते तेव्हाही कळत होतं." मग फडक्याला हात पुसत ते उठले. "पण तू तरी काय करतोयस? तुला त्यांच्यासारखं व्हायचं नाही, ठीक आहे. पण म्हणून पोरीला कुणी वाईट म्हणू नये, तिने तुझ्यावर रुसू नये, एवढंच तू आजवर बघितलंस. देवाने ती तुझ्या हातात दिली आहे, आणि तिच्या रुसण्याच्या भीतीने तो हात तू खिशात घालून बसलास."

"मग करू काय? ते सांगा ना."

"ते मला नाही माहीत," पाळकसाहेब म्हणाले. "माझा मधला मुलगा आठ वर्षं माझ्याशी बोलत नाही. मी सांगितलेल्यावर फार जाऊ नकोस. प्रार्थना कर आणि काहीतरी कर. नुसती प्रार्थना करत बसू नकोस."

हे काही फार धीर देणारं बोलणं नव्हतं. पण भोंगाकाका तिथून घरी आले ते न बसताच गोटीला घेऊन बाहेर पडले. "चल," एवढंच म्हणाले. सूर बसमधलाच होता. घरात त्यांनी तो कधी लावला नव्हता. गोटी चपला घालून मुकाट्याने निघाली.

दार बटणआजींच्या भाचीने उघडलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि उरलेला सगळा वेळ मावशीचं करण्यात घालवायची. आतल्या खोलीत शिवणयंत्र झाकून ठेवलेलं दिसत होतं, आणि त्याच्या बाजूला पाठमोऱ्या बसलेल्या आजी.

"ताई, हिला माफी मागायची आहे," भोंगाकाका म्हणाले. "आणि मी ठरवलंय, रोज दुपारी ही इथे येईल. आजींचं काय लागेल ते करेल."

भाचीने गोटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती आवाज न चढवता बोलली, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

"कोपऱ्यावरून मावशीला आणायला मी गेले होते. पाय रक्ताळले होते. मुलगा कुठे गेला म्हणून तिने त्या रात्रभर मला झोपू दिलं नाही. विसरते ती, पण रडायचं काय ते रडून झाल्यावर विसरते." मग ती म्हणाली, "तुमच्या मुलीला वळण लावायला माझी मावशी खेळणं नाही हो. एकदा गंमत म्हणून वापरलंत, आता धडा म्हणून वापरणार?"

भोंगाकाकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. दार लावून घेता घेता भाची थांबली.

"ज्यांनी ज्यांनी ते बघितलंय ना, त्यांच्यापुढे जाऊन हिला सांगू दे की हे मी केलं. त्यांच्याकडून ते काढून टाकू दे. मला तेवढं हवंय. मावशीला काहीच नकोय."

परत येताना गोटी रडत होती. हे रडणं लाजेचं की अपमानाचं, ते त्यांना ओळखता येईना. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलाशी दोघींना बसवलं. मोबाइल आजपासून त्यांच्याकडे राहील. ज्यांना ज्यांना तिने व्हिडिओ पाठवला, त्या प्रत्येकाला आज त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या नावाने लिहायचं, की हे मी केलं, हे चूक आहे, काढून टाका. गायकगणातून ती काही काळ बाहेर राहील. ते पाळकसाहेबांना त्यांनी कळवलं आहे. आणि बसमधल्या मुलांसमोर ती स्वतः येऊन बोलेल. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी ते उद्या घेतील.

बायको ताडकन उठली. "बसमध्ये? सगळ्यांसमोर? अहो, तोंड दाखवायला जागा राहील का पोरीला? हे पट्ट्यापेक्षा काय कमी आहे?"

तोच प्रश्न त्यांनाही भाचीच्या दारातून निघाल्यापासून कुरतडत होता. "मी तिच्या बाजूला उभा राहीन," ते शेवटी म्हणाले. "बाबा कधी माझ्या बाजूला उभे नव्हते. तेवढाच फरक मला दिसतोय. चुकत असेल तर देव मला जाब विचारील."

"आणि मी?"

"तुलाही उभं राहायचं असेल, तर ये."

ती आली नाही.

परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला गोटी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून होती, खिडकीकडे तोंड करून. शाळेच्या फाटकाशी भोंगाकाकांनी इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. मुख्याध्यापिकाबाई पायरीशी उभ्या होत्या. पोरं उत्सुकतेने माना उंचावायला लागली.

गोटी उठली. आधी इतकं हळू बोलली की पुढच्या ओळीलाही ऐकू गेलं नसेल. मागून कुणीतरी खुसखुसलं. भोंगाकाकांच्या ओठांवर "ए, बूड टेका" आलं होतं; ते त्यांनी गिळलं. हे तिचं तिलाच पार करायचं होतं. ते उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, एवढंच.

"तो व्हिडिओ मी काढला," गोटी पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने. "त्या आजींचा मुलगा वारला आहे. मला ते माहीत होतं. माहीत असून मी त्यांना खोटं सांगितलं." पुढचं जे ठरवून आली होती ते ती विसरली बहुतेक. "हसण्यासारखं नव्हतं ते. कुणाकडे असेल तर प्लीज काढून टाका."

दार उघडल्यावर मुलं एकेक करून खाली उतरली. मागच्या बाकावरची ती मुलगी जाता जाता म्हणाली, "मी काढून टाकलाय." गोटी सीटवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडली. भोंगाकाकांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. तिने तो झटकला.

नंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. घरात तीन माणसं, पण भांड्यांचाच आवाज. बायको त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, गोटी तेवढंही नाही. तिच्या मैत्रिणींनी तिला वगळलं. एकदा ती शाळेतून लवकर घरी आली आणि अंथरुणात तोंड खुपसून पडली, तेव्हा भोंगाकाका दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. आपण पोर मोडली तर नाही? पट्ट्याचा वळ निदान जायचा तरी. देवा, मी हे तुझ्यासाठी केलं, की त्या भाचीपुढे मान वर करता यावी म्हणून? उत्तर येत नव्हतं, आणि पाय थांबत नव्हते.

आतून आवाज आला, "पप्पा, तुम्ही चालायचं थांबवाल का?"

ते आत गेले. गोटीचे डोळे सुजले होते.

"त्या दिवशी मारलं असतंत ना, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "दुखलं असतं आणि संपलं असतं."

भोंगाकाका पलंगाच्या कडेला टेकले. मग ते म्हणाले, "माझंही तसंच संपायचं, बाळा. मार खाल्ला की हिशेब फिटला. ज्याचं वाईट केलं, त्याचा विचारसुद्धा मनात यायचा नाही. फक्त बाबांचा राग यायचा."

"मला तुमचा राग येतोच आहे."

"येऊ दे."

ती भिंतीकडे वळली. "त्यांचे पाय खरंच रक्ताळले होते?"

"हो."

तिने स्वतःचे पाय पोटाशी ओढून घेतले. भोंगाकाका उठले नाहीत. बाहेर बायको दवाखान्यातून आल्याचा आवाज आला, ती दारात येऊन थबकली, आणि मग तीही आत येऊन खुर्चीवर बसली. त्या दिवशी तिघांनी एकत्र प्रार्थना केली. आभार मानायला कुणी कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणाली, "प्रभू, मी लपवलं," आणि पुढे तिला बोलवेना.

बऱ्याच आठवड्यांनी भाची स्वतःच त्यांच्या घरी आली. तिची कामाची पाळी बदलली होती आणि दुपारी मावशीपाशी बसणारी बाई आजारी पडली होती. अडचण होती म्हणून ती आली होती, क्षमा केली म्हणून नव्हे, हे तिने फाटकातच स्पष्ट केलं. "हिने अंगणात बसायचं. मावशी बाहेर जायला लागली तर थांबवायचं आणि समोरच्या काकूंना हाक मारायची. मोबाइल आणायचा नाही."

"तू जाशील?" भोंगाकाकांनी गोटीला विचारलं. या खेपेला त्यांनी ठरवलं नव्हतं, विचारलं होतं.

गोटी गेली. ते बस लावून घरी आले, बसले, उठले, पुन्हा बसले. ती परतली तेव्हा तिचा चेहरा काळवंडला होता.

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली. "माझा मुलगा आला का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, मी त्याला पाहिलं नाही. ते खोटं नाही ना? पण मग त्या म्हणाल्या, येईल तो. तेव्हा मी काय बोलायचं होतं, पप्पा?"

भोंगाकाकांना ते ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी तिला सांगितलं. मग दोघं स्वयंपाकघरात उभे राहून त्यावर बोलत राहिले आणि कुठल्याच निकालाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोटी पुन्हा गेली.

ती काही देवदूत झाली नाही. गायकगणात परत गेली, तशी तिथे एकीशी भांडलीही. परीक्षेच्या निकालाबद्दल तिने मध्येच एक थाप मारली आणि परत मिळालेला मोबाइल पुन्हा कपाटात गेला, तेव्हा चार दिवस दारं आपटली. भोंगाकाकांनाही पहिल्यासारखी झोप काही येईना. आपण जास्त कडक वागलो की कमी, हे पलंगावर पडून ते अजूनही मोजायचे. पण एका संध्याकाळी ते बसचे आरसे पुसत असताना गोटी येऊन उभी राहिली. ओठ चावत राहिली.

"पप्पा, एक सांगायचंय. रागावणार?"

भोंगाकाकांनी फडकं खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

"बरं," गोटी म्हणाली, आणि पायरीवर बसून सांगायला लागली.